थोडे सैल, थोडे कुरळे

बीडच्या सुभाष रोडवरचे असो, अंबाजोगाईच्या मोंढ्यालगतचे असो की परळीतल्या एखाद्या गल्लीतले, ब्युटी पार्लरच्या दारावरचा फलक सगळीकडे जवळपास सारखाच. आयब्रो, फेशियल, ब्रायडल मेकअप, आणि मग केसांचा विभाग: स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. नावे पाच, दर पाच, पण खुर्चीतून उठल्यावर आरशात दिसणारा निकाल एकच. इस्त्री मारलेले सपाट केस. जिला आपले घट्ट कुरळे केस फक्त थोडे सैल करून हवे आहेत, वळण राखायचे आहे आणि नुसता जादाचा पीळ उतरवायचा आहे, तिच्यासाठी त्या फलकावर ओळ नाही.

मागणी मात्र असते. पार सरळ नको, पण सकाळी कॉलेजला जाताना अर्धा तास गुंता सोडवत बसावे लागते तेवढे वाचले पाहिजे, असे सांगणाऱ्या मुली बऱ्याच आहेत. पाहण्याचा कार्यक्रम ठरला की घरातल्या बायकांचे मत पडते, केस ‘जरा चापूनचोपून’ दिसले पाहिजेत. मुलीला स्वतःचे कुरळे केस आवडत असतात, तिच्या आईलाही आवडत असतात, पण येणाऱ्या पाहुण्यांच्या आवडीचा भरवसा नसतो. मग ती पार्लरमध्ये जाते आणि पाच-सहा तासांनी वेगळीच मुलगी होऊन बाहेर येते. सहा महिन्यांनी मुळाशी चार बोटे कुरळे आणि खाली सरळसोट अशी तऱ्हा होते, आणि पुन्हा तीच खुर्ची.

हे अर्धे काम रसायनशास्त्राला जमते. कितीतरी वर्षांपासून जमते. ते आपल्याकडे का मिळत नाही आणि मिळवायचे तर कशाकडे डोळे उघडे ठेवून पाहायचे, एवढ्यासाठी हा लेख.

कुरळेपणाबद्दल आपल्याकडे एक दुटप्पीपणा आहे. १९८९ साली सचिन तेंडुलकर कराचीत खेळायला उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे कुरळे जंगल अख्ख्या महाराष्ट्राला गोड वाटले. मिथिला पालकरचे केस तर तिची ओळखच झाले. पण तेच केस आष्टी किंवा वडवणीच्या शाळेतल्या मुलीच्या डोक्यावर असले की तिला ‘झिपरी’ म्हणतात. दोन वेण्या आणि लाल रिबिनी हा शाळेचा शिरस्ता सरळ केसांच्या मापाने बेतलेला आहे. कुरळ्या केसांची वेणी घालायची तर तेलाने थापून, ओढून, कानशिलाची कातडी ताणेपर्यंत आवळावी लागते. वर्षानुवर्षे असे ओढल्याने कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात आणि वेळेत ओढणे थांबवले नाही तर तिथले केस परत येत नाहीत. म्हणजे केस न बदलताही नुकसान होतेच, आणि त्या नुकसानीची पावती कुठल्या पार्लरला नाही, आपल्याच घराला फाडावी लागते.

दुसरा जुना उपाय म्हणजे जावळ. एकदा काढले तरी बाळाचे केस वाकडेच येताहेत म्हणून योगेश्वरीला किंवा मोहटादेवीला नेऊन पुन्हा गोटा करणाऱ्या आज्या अजून आहेत. केस वळतो तो कातडीच्या आत, मुळाच्या पिशवीत. ती पिशवी वाकडी असेल तर केस वळण घेऊनच बाहेर पडतो. अशा केसाचा आडवा छेद लांबट असतो, सरळ केसाचा गोलाकडे झुकलेला. वस्तरा कातडीच्या वर चालतो, पिशवीला त्याचा पत्ताही लागत नाही. वयात येताना किंवा बाळंतपणानंतर केसांचे वळण बदलल्याचे अनेकींना जाणवते, तो बदल शरीराच्या आतून होतो.

आणि ज्यांच्या केसांना तेलही नाही, फणीही नाही, त्यांच्याकडे जट येते. आजारपणात, बाळंतपणात, पाण्याच्या टंचाईत केस महिनोन्महिने विंचरले गेले नाहीत की ते एकमेकांत अडकून थिजतात, त्यात मळ आणि तेल बसते, आणि मग कुणीतरी म्हणते, देवी आली. तिथून पुढे त्या बाईने केसांना हात लावायचा नाही. मानेवर किलोभर ओझे, त्यात उवा, खाज, दुर्गंध. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी राज्यभर फिरून अशा शेकडो बायकांची जट कापली आहे. कात्री चालवायला वेळ लागत नाही. बाईची आणि तिच्या घरच्यांची भीती घालवायला दिवस लागतात. जटेचा विषय पार्लरच्या विषयापासून फार लांबचा वाटेल, पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: या केसांचे काय करायचे ते ठरवणार कोण?

आता केसाच्या आत जाऊ. केस म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. त्यात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असते (केस जळाल्यावर जो वास येतो तो याच गंधकाचा). शेजारच्या दोन साखळ्यांमधले गंधकाचे अणू एकमेकांना धरून बसतात आणि केसाचा आकार पक्का करतात. याखेरीज हायड्रोजनचे हलके बंध असतात, ते पाण्याने सुटतात आणि वाळले की पुन्हा बसतात. म्हणून ओले कुरळे केस लांब दिसतात आणि वाळताना वर चढतात. घरच्या स्ट्रेटनरने फक्त हे हलके बंध हलतात, त्यामुळे डोक्यावर पाणी पडले की खेळ संपला. कायमचा बदल हवा असेल तर गंधकाचे बंध तोडावे लागतात.

ते तोडण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत जिवावर नाही तरी केसांवर बेतते. पहिली वाट सोडियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे कॉस्टिक सोड्याची. याचा पीएच १२च्या पुढे जातो. एकदा बंध बदलला की तो पूर्वीसारखा जोडता येत नाही. ‘रिलॅक्सर’ म्हणून जगात ओळखले जाते ते मुख्यतः हे, आणि ते आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट पिळाच्या केसांसाठी तयार झाले. दुसरी वाट थायोग्लायकोलेटची, थोडक्यात थायोची. त्याचा पीएच ९च्या आसपास, वास सडक्या अंड्यासारखा. ते बंध सोडवते आणि नंतर लावायचा न्यूट्रलायझर, म्हणजे सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड, ते नव्या जागी पुन्हा जोडतो. आपल्याकडचे स्मूदनिंग आणि रिबॉन्डिंग बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या वाटेने होते. एका वाटेने गेलेल्या केसांवर दुसरीचे औषध लावले तर केस हातात तुटून येतात. बाहेरगावाहून, पुण्या-मुंबईहून काही करून आलेल्या मुलीने आधी काय केले होते हे विचारल्याशिवाय जो हात क्रीमच्या डब्याला लागतो, त्या हातात डोके देऊ नये.

या सगळ्याची सुरुवात कुठे झाली? अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात गॅरेट मॉर्गन नावाचा एक कृष्णवर्णीय शिवणयंत्र दुरुस्त करणारा होता. सुईच्या घर्षणाने कापडाला चटका बसू नये म्हणून तो एक द्रव तयार करत होता. हा द्रव ज्याला पुसला त्या लोकरी कापडाचे तंतू सरळ झालेले त्याला दिसले. शेजाऱ्याच्या झिपऱ्या कुत्र्यावर प्रयोग केला, मग स्वतःच्या डोक्यावर, अशी गोष्ट सांगतात. १९१३ साली त्याने केस सरळ करणाऱ्या क्रीमची कंपनी काढली. हाच मॉर्गन पुढे धुरातून वाचवणाऱ्या मुखवट्यासाठी आणि वाहतुकीच्या सिग्नलसाठी प्रसिद्ध झाला. १९७०च्या दशकाच्या शेवटी त्याच कृष्णवर्णीय समाजाने उलटा विचार केला. सरळ नको, घट्ट पीळ सोडवून मोठे, ओघळते वळण हवे. थायोग्लायकोलेटने पीळ सैल करायचा आणि केस जाड नळकांड्यांवर गुंडाळून न्यूट्रलायझर लावायचा. त्याला ‘जेरी कर्ल’ म्हणत. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या काळातले केस आठवा, ते हेच. म्हणजे आपल्या गावात ज्या ‘अर्ध्या’ कामाला फलकावर जागा नाही, त्याची जगात एकेकाळी लाट होती.

घट्ट पिळाचे केस आणि आपला मुलूख यांचा संबंध नाही असे समजू नये. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन राज्य चालवू लागला. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, त्याने १६१०मध्ये वसवले. १६२६मध्ये तो वारला, त्याची कबर खुलताबादेत आहे. बीडचा बराच भाग त्या काळी निजामशाहीच्या राजकारणात होता. जंजिऱ्याचे सिद्दी, उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडचे कोकणी-मराठी बोलणारे सिद्दी ही त्याच आफ्रिकी आगमनाची नावे. बीडमधल्या कुठल्या घराचे केस कुणाकडून आले हे कुणी सांगू नये आणि विचारूही नये. भारतात सगळ्या प्रकारचे केस एकाच घरात, एका ताटात जेवणाऱ्या बहिणींच्या डोक्यावर सापडतात.

मग अर्धे काम करायचे कसे? सगळे कौशल्य वेळेवर थांबण्यात आहे. नेहमीच्या स्मूदनिंगमध्ये क्रीम लावतात, केस मऊ होईपर्यंत ठेवतात, धुतात, वाळवतात, मग बारीक बटा घेऊन तापलेल्या इस्त्रीने दाबतात आणि शेवटी न्यूट्रलायझर. पीळ राखायचा तर सौम्य ताकदीचे क्रीम घ्यावे लागते, ते मुळांपासून बोटभर दूर ठेवून फक्त लांबीवर लावावे लागते, कंगव्याने ओढून सपाट न करता हाताने लावावे लागते, आणि केस अर्धवट सैल झाला की ताबडतोब धुवावे लागते. इस्त्री पूर्ण वगळायची. हवे असेल तर जाड रोलरवर बटा गुंडाळून न्यूट्रलायझर लावायचा, म्हणजे वळण रोलरच्या जाडीचे बसते. हे सगळे करण्याआधी कानामागची एक बट घेऊन तिच्यावर पूर्ण प्रयोग करून पाहायचा. ती बट ओढल्यावर ताणून परत येते का, की रबरासारखी लांबते, हे पाहायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. थायोच्या क्रीमखाली बट पाच मिनिटे जास्त राहिली तर पीळ आणि सुंभ दोन्ही जातात.

पार्लरवाल्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पूर्ण सरळ करणे सोपे आहे, कारण चूक झाली तरी इस्त्री झाकून घेते. अर्ध्या कामात एक बट सैल, दुसरी घट्ट, तिसरी सरळ अशी गत झाली की गिऱ्हाईक लगेच ओरडते. शिवाय घट्ट कुरळ्या केसांच्या डोक्यावर सगळीकडे सारखा पीळ नसतो. टाळूवर एक, मानेवर दुसरा. प्रत्येक भागाला वेगळा वेळ द्यावा लागतो. जिथे एकट्या ताई दोन पोरींच्या मदतीने दिवसाला चार गिऱ्हाइके उरकतात, तिथे या कामाला खुर्ची अडवून ठेवणे परवडत नाही. ज्यांना ते शिकायचे त्यांना शिकवणारे वर्गही सरळ केसांचेच शिकवतात.

आणि मग पाणी. बीडमधल्या केसांच्या गोष्टीत सगळ्यात मोठे पात्र हेच आहे, आणि जाहिरातीत त्याचे नाव कधी येत नाही. अल्कधर्मी क्रीम केसाचे बाहेरचे खवले फुगवून आत जाते. ते पूर्ण निघाले नाही तर धुतल्यानंतरही काम करत राहते. अर्ध्यावर थांबवायचे म्हणजे झटपट आणि भरपूर, वाहत्या पाण्याने धुणे. बीड शहराला माजलगाव धरणाचे आणि बिंदुसरेचे पाणी येते, पण ते रोज येत नाही. दिवसांच्या अंतराने येणारे नळ, ड्रममध्ये साठवलेले पाणी, उन्हाळ्यात टँकर. १९७२चा दुष्काळ आजोबांच्या तोंडून ऐकला, २०१२-१३ आणि २०१५-१६चा आपण स्वतः पाहिला. शेजारच्या लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा काळात ज्या ठिकाणी मगने मोजून पाणी ओततात, तिथे केस धुण्यात हात आखडता घेतला जाणारच. दोष केस धुणाऱ्या मुलीचा नाही. पण क्रीम राहते ते राहतेच.

उरलेली अर्धी कथा बोअरच्या पाण्याची. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आणि गंगथडीलाही खाली काळा बसाल्ट खडक. त्यातून मुरून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतात. बादलीच्या कडेला जी पांढरी पुटे चढतात, कुकरच्या तळाला जे कवच बसते, तेच केसांवरही बसते. साबणाचा फेस होत नाही, झालाच तर त्याचा चिकट साका केसांना धरून राहतो. रसायनाचा हात लागलेल्या केसांवर कॅल्शियम निरोगी केसांपेक्षा जास्त चिकटते, कारण त्यांच्या पृष्ठभागावर त्याला धरणाऱ्या ऋणभारित जागा वाढलेल्या असतात. मग केस राठ लागतात, पीळ जागच्या जागी उभा राहतो, आणि मुलगी म्हणते की पार्लरने वाट लावली. अनेकदा वाट बोअरने लावलेली असते. पुण्याला होस्टेलवर गेलेल्या मुलीचे केस ‘सुधारतात’ त्यामागेही बहुधा हेच. शेवटच्या धुण्याला दोन तांबे फिल्टरचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी ओतून पाहा, फरक कळेल. माझे तर मत आहे की बीड जिल्ह्यात केस सैल करायचा मुहूर्त भाद्रपदात काढावा. लग्नसराई चैत्र-वैशाखात येते, हे त्या मुहूर्ताचे दुर्दैव.

मेंदीचे सांगायचे राहिले. आपल्या भागात साठीतल्या काकूंपासून विशीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात मेंदी असते. शुद्ध मेंदी केसावर थर धरते आणि थायोला आत जाऊ देत नाही, त्यामुळे काम असमान होते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत काय काय असते याचा नेम नाही, आणि त्यात धातूंचे क्षार असतील तर न्यूट्रलायझरच्या पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडून केस तापतो, तुटतो. मेंदी लावलेली आहे हे लपवू नका. विचारले नाही तरी सांगा.

इथवर त्या वासट, जुन्या क्रीमबद्दल बोललो. आता गोड वासाच्या बाटल्यांकडे या. केराटिन ट्रीटमेंट या नावाने ब्राझीलहून जगभर पसरलेल्या बऱ्याच द्रावणांत फॉर्माल्डिहाइड, किंवा तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सोडणारे मिथिलीन ग्लायकॉल होते. २०० अंशांच्या इस्त्रीखाली त्याचा धूर होतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. मे महिन्यात एसी लावून दारे बंद केलेल्या दहा बाय दहाच्या पार्लरमध्ये तो धूर सर्वात जास्त खाते ती तिथे रोज काम करणारी मुलगी. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येते, ती दिवसातून दोनदा तिथे उभी असते. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

ओरड झाल्यावर ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ बाटल्या आल्या. त्यातल्या अनेकांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असते. नॅनोप्लास्टिया म्हणून जे विकले जाते त्यात हा घटक नेहमीचा आहे. २०२३मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत आली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंड बिघडले. प्रत्येक वेळी डोक्याची आग झाली होती. क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक आम्ल होते. संशोधकांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीला लावले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे सापडले. कातडीतून आत गेलेल्या आम्लाचे शरीरात ऑक्झलेट होते, असा त्याचा अर्थ. हा प्रकार सर्रास घडतो असे नाही. पण उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्या, मुतखड्याने आधीच बेजार असलेल्या आपल्या भागात हे माहीत असलेले बरे.

अमेरिकेतल्या ‘सिस्टर स्टडी’ या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२२मध्ये आले. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायने वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के निघाले, न वापरणाऱ्यांत ते १.६४ टक्के. यातून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. तरीही वारंवारता महत्त्वाची आहे हे त्यातून घेण्यासारखे. वर्षातून एकदा, मुळांना न लागता, थोडे सैल करणे आणि दर तीन महिन्यांनी मुळापासून सपाट करणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणूनच मला गोड वासाच्या बाटलीपेक्षा अंड्याच्या वासाचे जुने क्रीम, कमी वेळ ठेवलेले, जास्त भरवशाचे वाटते.

काहींना मात्र रसायनाची गरजच नसते, हेही सांगितले पाहिजे. कुरळे केस कोरडे विंचरायचे नसतात. ओले असताना, हातात चमचाभर कंडिशनर किंवा तेल घेऊन, टोकाकडून मुळाकडे रुंद दाताच्या कंगव्याने सोडवायचे. टॉवेलने घासायचे नाहीत. आणि जेलसाठी ऑनलाइन पाचशे रुपये मोजायची गरज नाही. आपल्या ज्वारी-हरभऱ्याच्या बांधावरचा जवस, ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, तो मूठभर घेऊन पाण्यात उकळा, बुळबुळीत झाला की गरम असतानाच गाळा. जगभरच्या कुरळ्या केसवाल्या बाया हेच जेल ‘फ्लॅक्ससीड’ म्हणून बाटलीत विकत घेतात. ओल्या केसांना चोपडून वाळू द्या. पीळ सैल होत नाही, पण एका जागी गोळा होऊन बसतो, फुगत नाही. निम्म्या मुलींना हवे असते ते एवढेच.

तरीही सैल करायचे ठरवलेच, तर बाटली हातात घेऊन वाचा. ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ प्रमाणे घटकांची यादी लेबलवर छापणे बंधनकारक आहे. यादी नसेल, बाटली खरवडलेली असेल किंवा सुटे द्रव दुसऱ्या डब्यात भरलेले असेल, तर उठून या. लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पावती मागा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. डोक्याची आग सुरू झाली तर ‘थोडं सहन करा’ ऐकू नका, त्याच क्षणी धुवायला लावा. आणि पुढच्या दोन-चार दिवसांत उलट्या, कंबरेत दुखणे किंवा लघवी कमी होणे असे काही झाले तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा किंवा गावातल्या डॉक्टरकडे, पण गेल्या गेल्या केसांचे काय केले ते आधी सांगा. ते विचारायचे डॉक्टरला सुचेलच असे नाही.